उताराच्या प्लॉटला ऑटोमॅटिक गेट: दोन पल्ल्यांचं की स्लायडिंग? (सातारा)

उतारावरची_लेक

मंडळी, सल्ला हवाय. आई-बाबा साताऱ्यात शाहूनगरला राहतात, मी पुण्यात. घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला. समोरचा रस्ता डावीकडून उजवीकडे चढत जातो आणि गेटातून आत शिरलं की आमचा ड्राइव्ह-वेही चढाचाच. सध्या १४ फुटी, दोन पल्ल्यांचं लोखंडी गेट आहे. आत उघडलं की पल्ला जमिनीला घासायचा, म्हणून कधीतरी ते बाहेर रस्त्यावर उघडणारं करून घेतलं. बाबा आता सत्तरीपुढचे, गुडघे कुरकुरतात. गाडी चढावर हँडब्रेकवर उभी करायची, उतरायचं, दोन्ही पल्ले ओढायचे, गाडी आत घ्यायची, पुन्हा उतरायचं. पावसाळ्यात तर विचारूच नका.

दोन कोटेशनं आली आहेत. एक म्हणतो जुन्याच गेटाला दोन आर्म-मोटर (पल्ला ढकलणारे-ओढणारे मोटरचे दांडे) लावून देतो, ५५ हजार. दुसरा म्हणतो नवीन स्लायडिंग गेटच करा, ट्रॅक आणि मोटर धरून १ लाख ३० हजार. पहिल्याने जागा बघितलेलीच नाही, व्हॉट्सॲपवरच्या फोटोवर भाव काढला.

मापं देते, म्हणजे कुणी "फोटो टाका" म्हणणार नाही. बाबांनी पाण्याच्या नळीने लेव्हल घेतली आहे. १४ फुटांच्या तोंडात डावी कड उजवीपेक्षा ६ इंच खाली. गेटापासून ७ फूट आत जमीन ९ इंच वर. गेटाच्या डावीकडे कंपाउंडची सरळ भिंत २० फूट, उजवीकडे ७ फुटांवर शेजाऱ्यांची हद्द.

कुठलं गेट घ्यावं? आणि लाईट गेली की काय करायचं?

---

रिकामा_गाडीवान

जुनं गेट भक्कम असेल तर आर्म लावा आणि मोकळे व्हा. स्लायडिंगला अर्धा ड्राइव्ह-वे फोडावा लागतो. आमच्या भावकीत एकाने ऑनलाइन आर्मचा संच मागवून स्वतःच बसवला, मस्त चाललंय.

---

निवृत्त_उपअभियंता

आर्मचा विचार करण्याआधी एक गोष्ट. तुमचं गेट रस्त्यावर उघडतंय, हेच नियमात बसत नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे कंपाउंडचं गेट पूर्णपणे स्वतःच्या हद्दीत उघडलं पाहिजे, रस्त्यावर किंवा बोळात नाही. २०२० च्या हद्दवाढीनंतर तुमचा भाग सातारा नगरपालिकेत आहे, तेव्हा "इथे कोण बघतंय" हेही आता चालायचं नाही. नियम बाजूला ठेवला तरी कारण साधं आहे. हाताने गेट उघडणारा माणूस आधी रस्त्याकडे बघतो. मोटरला मागून येणारी स्कूटर दिसत नाही.

बरं, मग तेच गेट आत उघडायचं? तुम्हीच माप दिलंय, ७ फुटांवर ९ इंच चढ. प्रत्येक पल्ला ७ फुटी. पूर्ण उघडल्यावर पल्ल्याचं टोक बरोबर त्या जागी येणार. म्हणजे गेट खालून ९ इंच कापावं लागेल, आणि मग बंद गेटाखालून कुत्रीच काय, डुकरंही आत येतील. उघडताना पल्ला वर उचलणाऱ्या बिजागऱ्या मिळतात, पण त्या एवढं उचलत नाहीत, आणि आर्म-मोटरच्या गणितात ते आणखी एक लोढणं.

म्हणून तुमच्या जागेला स्लायडिंग. ब्रँड, बजेट हे सगळं त्याच्या नंतर.

---

रिकामा_गाडीवान

पण काका, स्लायडिंगलाही जमीन सपाट लागते ना? रस्ता डावीकडे उतरतोय म्हणतात त्या.

---

निवृत्त_उपअभियंता

जमीन सपाट लागत नाही, ट्रॅक सपाट लागतो. तो भेद कळला की काम सोपं होतं. ट्रॅक उतारावर टाकायचा नाही म्हणजे नाही. बंद करताना मोटर चढाला झगडणार, आणि कुणी चावीने मोटर मोकळी केली तर दोनशे किलोचं गेट आपणहून उताराला धावणार. ते अडवायला कुणी हात घालू नये.

ताई, तुमच्या आकड्यांवर मी कागदावर आखून बघितलं. गेट आहे तिथून ४ फूट आत घ्या. तिथे जमीन आताच रस्त्याच्या कडेपेक्षा साधारण ५ इंच वर आहे. ट्रॅकची लेव्हल उजव्या हाताच्या रस्त्याच्या कडेइतकी धरा. मग ट्रॅकच्या उजव्या टोकाला ५ इंच खोदाई, डाव्या टोकाला जेमतेम इंचभर भर. रस्त्यावरून येणारा रॅम्प उजवीकडे सपाट आणि डावीकडे ४ फुटांत ६ इंच, म्हणजे १:८. एवढ्यावर गाडी खालून घासत नाही. शिवाय रॅम्प पूर्ण तुमच्या हद्दीत राहतो, रस्त्यावर सिमेंटचं नाक काढायची वेळ येत नाही.

गेट डावीकडे सरकणार. तिकडे जमीन आणखी खाली जाते, त्यामुळे ट्रॅकखालची आरसीसी बीम शेवटाकडे जमिनीच्या अर्धा-पाऊण फूट वर दिसेल. दिसू द्या. पण बीम तोंडाच्या १४ फुटांत आणि पुढच्या १६ फुटांत सलग, एका दमात ओतलेली हवी. तुकड्यातुकड्यात ओतली की सांध्यावर ट्रॅक खचतो आणि गेट तिथेच अडकायला लागतं.

---

मिरजेचा_फॅब्रिकेटर

काकांनी बरोबर सांगितलं. मी हेच काम करतो म्हणून चार शब्द.

गिऱ्हाईक पहिला प्रश्न काय विचारतं? "मोटर कुठल्या कंपनीची?" अहो, मोटर नंतर. आधी गेट मोटरशिवाय चालवून बघायचं. तुमच्या आईने एका हाताने ढकललं आणि ते न थांबता दुसऱ्या टोकाला गेलं पाहिजे. तसं जात नसेल तर हजार किलोचं गेट ओढणारी मोटर लावा, दोन वर्षांत गिअर खाणार. मी गेट उभं केलं की मोटर लावायच्या आधी आठवडाभर तसंच हाताने वापरा म्हणतो. बीम बसायची असेल, चाक घासायचं असेल, सगळं त्या आठवड्यात दिसतं.

वजनाचा हिशोब घ्या. १४ फुटी तोंडाला गेट १५ फूट करायचं, दोन्हीकडे थोडं झाकायला. उंची ५ फूट. ५० बाय ५० चा ३ एमएम बॉक्स पाईप, मीटरला साधारण सव्वाचार किलो. चौकट आणि चार उभे धरून ६० फूट पाईप, म्हणजे ७५ ते ८० किलो. त्यावर २ एमएम पत्रा पूर्ण मारला तर ११० किलो आणखी. चाकं, रॅक (गेटावरची दातेरी पट्टी, मोटर तिलाच धरून गेट सरकवते), पट्ट्या धरून २०० च्या घरात. १८ गेजचा पातळ पत्रा मारला तर पत्र्याचं वजन ६५ वर येतं, पण तो वाऱ्यात वाजतो आणि पोचे पडतात. २०० किलोच्या गेटाला ५००-६०० किलोवाली मोटर घ्या. कॅटलॉगातला आकडा स्वच्छ, सपाट ट्रॅकचा असतो. आपल्याकडे जूनमध्ये ट्रॅकवर काय असतं ते तुम्हाला माहीतच आहे.

चाक व्ही ग्रूव्हचं (व्ही आकाराच्या खाचेचं), डबल बेअरिंगचं. वरून दोन्ही बाजूंना गेट सरळ उभं धरणारे नायलॉनचे गाईड रोलर. दोन्ही टोकांना स्टॉपर, वेल्ड केलेले, नटबोल्टचे नकोत. रॅक आणि मोटरची दातेरी पुली यांच्यात एक-दोन एमएम फट ठेवायला सांगा. फट ठेवली नाही तर गेटाचा भार पुलीवर येतो आणि मोटरच्या बेअरिंगचा सत्यानाश. पोरं घाईत हीच गोष्ट विसरतात. आणि रॅकला ग्रीस चोपडू नका. धूळ चिकटून सँडपेपर होतो त्याचा. ग्रीस फक्त चाकाच्या बेअरिंगला.

---

उतारावरची_लेक

किती नेमकं सांगताय सगळे! बाबांना वाचून दाखवलं. ते काकांच्या आखणीवर खूश, आई नाखूश. चार फूट आत घेतलं तर भिंतीलगतची तिची जास्वंदाची रांग जाते.

दुसरा वाद: बाबांना पूर्ण पत्रा हवा, कारण रस्त्यावरून आतलं दिसतं. आईला जाळी हवी, कारण बाहेरचं दिसलं पाहिजे. कोण आलंय ते कळायला नको का, म्हणते.

---

पठारावरचा_वारा

आईंच्या बाजूने एक मत, पण कारण वेगळं. साताऱ्यात राहून वारा विसरून कसं चालेल? चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत.

वाऱ्याच्या दाबाचं सूत्र साधं आहे: वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, वर्ग करा, ०.६ ने गुणा, चौरस मीटरला तेवढे न्यूटन. ताशी ६० किलोमीटरचा झोत म्हणजे १६.७ मीटर प्रति सेकंद, दाब साधारण १६७ न्यूटन. वळवाच्या पावसात एवढा झोत सहज येतो. तुमच्या जुन्या गेटाचं क्षेत्रफळ साडेसहा चौरस मीटर, म्हणजे पूर्ण पत्रा असेल तर एकूण ११० किलोचा रेटा, एका पल्ल्यावर ५५. दोन पल्ल्यांच्या गेटात हा सगळा रेटा आर्मच्या पिनवर आणि तिच्या ब्रॅकेटवर येतो. पत्र्याचा पल्ला शिडासारखा वारा धरतो आणि एके दिवशी पिलरमधली ब्रॅकेट विटेसकट उपटून येते.

स्लायडिंगला हा रेटा आडवा येतो, चालण्याच्या दिशेत नाही. म्हणून मोटर वाचते, पण वरचे गाईड रोलर आणि त्यांचा खांब मजबूत हवा. माझं मत: खालचे अडीच फूट पत्रा, वर उभ्या पट्ट्या थोड्या तिरक्या बसवलेल्या. रस्त्यावरून चालणाऱ्याला आतलं फारसं दिसत नाही, आईंना पट्ट्यांमधून माणूस दिसतो. वजनही थोडं उतरेल.

---

निवृत्त_उपअभियंता

याला अनुमोदन. कंपाउंडची भिंतही बघून घ्या. समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून दीड मीटर उंचीपर्यंत भरीव चालते. २.४ मीटरपर्यंत न्यायची तर वरचे ०.९ मीटर जाळीदार किंवा उघडं लागतं. भिंत आणि गेट एकमेकांशी मिळतं घेतलंत तर दिसायलाही बरं.

आईंना सांगा, भिंत आणि गेट यांच्यामध्ये जो पट्टा उरेल तो पूर्ण त्यांचा. जास्वंद तिथेच राहील. फक्त फांद्या ट्रॅकवर येणार नाहीत एवढं बघायचं. गळलेली पानं चाकाखाली आली की मोटर "अडथळा" समजून उलटी फिरते.

---

शामरावनगर_सांगली

साताऱ्याच्या धाग्यावर सांगलीकराने बोलावं का, असा विचार करत होतो. पण सगळे पाण्याला विसरलेत म्हणून आलो.

आमच्याकडचं दुखणं वेगळं आहे. काळी माती. उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात फुगून वर येते. गल्लीत स्लायडिंग गेट बसलं की पहिलं वर्ष सगळे कौतुक करतात. दुसऱ्या उन्हाळ्यात पिलर कलतो, ट्रॅकची बीम मध्ये उचलली जाते, गेट अर्ध्यात थांबतं. मग मोटरवाल्याला शिव्या. मोटरवाल्याचा काय दोष? दोन पिलर वेगवेगळ्या खड्ड्यांत उभे केले, त्यांना जोडणारी बीम नाही, काळ्या मातीवर थेट चार इंच काँक्रीट ओतलं. मी घर बांधताना गेटाच्या जागची माती पूर्ण काढून मुरूम भरला, थरावर थर पाणी मारून धुम्मस केला, आणि दोन्ही पिलर ट्रॅकच्या बीमनेच खालून बांधले. जास्त वजनाचं काम असेल तर अंडर-रीम्ड पाईल हा प्रकार आहे, खाली फुगीर घोट असलेले काँक्रीटचे पाय. रुडकीच्या सीबीआरआय या इमारत-संशोधन संस्थेने तो काळ्या मातीसाठीच बसवला. घरगुती गेटाला सहसा एवढं लागत नाही.

ताई, तुमच्याकडे डोंगराचा मुरूम लागेल, तुम्ही सुटलात. पण पाणी सुटत नाही कुणालाच. तुमचा ड्राइव्ह-वे आतून बाहेर उतरतोय. पावसाचं सगळं पाणी माती, खडी, पानं घेऊन थेट ट्रॅकवर येणार. ट्रॅकच्या आतल्या अंगाला, फूटभर अलीकडे, आडवी नाली काढा आणि वर काढता येणारी लोखंडी जाळी ठेवा. काढता येणारी, हे महत्त्वाचं. सिमेंटने पक्की केलेली जाळी म्हणजे दोन पावसाळ्यांनंतर गाळाने भरलेली नाली. नालीचं तोंड डावीकडे, उताराला. ट्रॅक खड्ड्यात नको, बीमच्या पाठीवर उंचावलेला हवा. गोल गजाचा ट्रॅक पाण्याने आपोआप धुतला जातो, खाचेतला ट्रॅक भरत जातो.

मोटरही जमिनीलगत बसवू देऊ नका. सहा इंच उंच काँक्रीटचा ओटा करा आणि रॅक त्या मानाने गेटावर वर घ्या. आमच्या भागात जोराचा पाऊस झाला की रस्त्यावर पाणी साचतं, ओट्यामुळे मोटर कोरडी राहते. महापुराची गोष्ट निराळी. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तिथे ओटा काय करणार? नदीकाठचे लोक इशारा पातळीची बातमी आली की चार बोल्ट काढून मोटर माडीवर नेतात. म्हणून सांगतो, बोल्ट गंजू देऊ नका आणि वायरीला मोटरपाशी सुटणारा कनेक्टर ठेवा.

जमिनीत पुरायच्या मोटरी दाखवायला कुणी आलं तर चहा पाजून परत पाठवा. ती पेटी म्हणजे पावसाळ्यात हौद.

---

रिकामा_गाडीवान

"मोटर माडीवर नेतात" 😄 फ्रीज, गाद्या, टीव्ही आणि आता गेटाची मोटर.

---

शामरावनगर_सांगली

हसा. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा ज्यांनी नेली होती त्यांचीच वाचली.

---

वायरमन_कराडचा

लाईटबद्दल कुणीच बोललं नाही.

दोन प्रकार: २३० व्होल्टची एसी मोटर किंवा २४ व्होल्टची डीसी. एसी स्वस्त, दणकट. पण लाईट गेली की संपलं. घरच्या इन्व्हर्टरवर चालेल, मात्र इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. जुन्या स्क्वेअर वेव्हवर कपॅसिटरची मोटर गुरगुरते आणि तापते. ५००-६०० किलोची एसी मोटर तीन-साडेतीनशे वॅटच्या आसपास ओढते, सुरू होताना जास्त. डीसीमध्ये १२ व्होल्टच्या दोन छोट्या बॅटऱ्या मोटरच्या डब्यातच बसतात, लाईट गेल्यावरही गेट काही वेळा उघडझाप होतं. ती सावकाश सुटते, सावकाश थांबते, शेवटाला धडका देत नाही. घरात वयस्कर माणसं असतील तर माझं मत डीसीला. तीन-चार वर्षांनी बॅटरी बदलायची तयारी ठेवा.

फरशी किंवा पेव्हर टाकण्याआधी जमिनीत दोन वेगळे पाईप घालून ठेवा. एकात २.५ चौरस एमएमची तीन कोअर आर्मर्ड केबल, दुसऱ्यात सेन्सर आणि बेलच्या बारीक वायरी. दोन्ही एकाच पाईपात घातल्या की सेन्सर मध्येच खोटं बोलायला लागतो आणि मग शोधत बसा. शिवाय तिसरा एक पाईप रिकामा, नुसती दोरी ओढून सोडलेला. उद्या कॅमेरा लावायचा म्हणाल.

गेटाच्या लाईनला स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच). गेटाच्या लोखंडाला अर्थिंग. भिजलेल्या हाताने लोखंडी गेट धरणारं माणूस घरातलंच असतं. वळवाचा कडकडाट सुरू झाला की एमसीबी पाडून ठेवायची सवय लावा, नाहीतर सर्ज प्रोटेक्टर लावा. एप्रिल-मे मध्ये माझ्याकडे जळलेली कंट्रोल कार्डं येतात ती त्यामुळेच.

आणि पाली. हसू नका. मोटरचा डबा उबदार, किडे भरपूर. पाल कार्डवर बसली की कार्ड गेलं. पाईपची तोंडं सिलिकॉनने बंद करा, मुंग्याही थांबतात.

---

वाईची_आजी

मी तंत्रज्ञ नाही, पण नातवंडांची आजी आहे. लेकीकडे असं गेट आहे म्हणून लिहिते.

गेट आपोआप बंद होण्याची सोय असते ना, ती लहान मुलं असतील तर बंदच ठेवा. माणसाने बटण दाबलं तरच मिटेल असं करा. मुलांना चालत्या गेटावर लटकायचं असतं. आणि गेट मागे सरकतं तेव्हा भिंत आणि गेट यांच्या फटीत हात घालून बघायची खोड प्रत्येकाला असते. तिकडच्या बाजूने बारीक जाळी मारून घ्या. पट्ट्यांचं गेट करणार असाल तर हे नक्कीच करा, कारण पट्टी आणि खांब यांच्यात कोवळा हात सापडतो.

---

निवृत्त_उपअभियंता

आजींचा मुद्दा सगळ्यात आधी यायला हवा होता. युरोपात ईएन १२४५३ हे मानक आहे. बंद होणाऱ्या गेटाची कड अरुंद फटीत माणसावर ४०० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण ४० किलोपेक्षा जास्त जोर देता कामा नये, असं ते सांगतं. मोटरच्या कार्डवर जोर कमी-जास्त करायची सोय असते. बसवणारा जाताना ती पूर्ण वर फिरवून जातो, कारण मग "गेट मध्येच थांबतं" अशी तक्रार येत नाही. तुम्ही समोर उभं राहून ती कमी करून घ्या. जाड पुठ्ठ्याचं खोकं मध्ये धरून बघा. खोकं चेपलं आणि गेट तरी पुढे आलं तर अजून कमी.

फोटोसेलच्या, म्हणजे मध्ये कुणी आलं की गेट थांबवणाऱ्या सेन्सरच्या, दोन जोड्या लावा. एक रस्त्याच्या बाजूला, एक आतल्या. जमिनीपासून दीड फुटावर. कंबरेच्या उंचीवर लावलेला सेन्सर रांगतं मूल किंवा कुत्रं बघत नाही.

स्लायडिंग गेटाची खरी भीती मात्र चिरडण्यापेक्षा पडण्याची. वरचा रोलर तुटला किंवा शेवटचा स्टॉपर नसला की गेट ट्रॅकवरून पुढे जाऊन आडवं पडतं. दोनशे किलो. फॅब्रिकेटरसाहेबांनी स्टॉपर वेल्डचे सांगितले ते याचसाठी. गाईड रोलरचा खांबही एकाऐवजी दोन करा, वारा आहेच.

---

मिरजेचा_फॅब्रिकेटर

दोन खांब करतोच आम्ही. पण काका, स्वस्तात मागणाऱ्याला पहिला तोच खर्च जास्त वाटतो. रिमोटला दिवा आहे का ते बघतील, खांबाचं विचारणार नाहीत.

---

नाईटशिफ्ट

रिमोटवरून आठवलं. रोलिंग कोडचा घ्या, प्रत्येक वेळी कोड बदलतो. ठरावीक कोडचा रिमोट कुठल्याही मोबाइल दुकानात शंभर-दोनशेत कॉपी करून मिळतो.

मिस्ड कॉलने गेट उघडणारं मॉड्यूलही मिळतं. दूधवाला, कामवाल्या मावशी यांचे नंबर टाकून ठेवायचे, त्यांनी फोन केला की गेट उघडतं, कॉलचा खर्च शून्य. फक्त स्वस्तातली मॉड्यूल टूजीवर चालतात, त्यात जिओचं सिम चालत नाही. दुसऱ्या कंपनीचं घाला आणि रिचार्ज विसरू नका.

थोडं अवांतर: गेट-मोटरमधली मोठी इटालियन कंपनी फाक, १९६५ पासूनची. तिच्या मालकाने २०१२ मध्ये मरताना आपला हिस्सा बोलोन्याच्या चर्चच्या नावे केला. म्हणजे तिकडे गेट उघडलं की पुण्य कुणाला लागतं, देव जाणे.

---

रिकामा_गाडीवान

इकडे उघडायला रामराम घालणारा वॉचमन होता तोच बरा होता.

---

उतारावरची_लेक

सगळ्यांचे आभार. काल घरी बसून ठरवलं.

आर्मवाल्याला नाही कळवलं. स्लायडिंग, ४ फूट आत, काकांच्या लेव्हलने. खाली पत्रा, वर तिरक्या पट्ट्या, मागे बारीक जाळी. २४ व्होल्टची डीसी मोटर, ओट्यावर. नाली बाबा स्वतः उभं राहून करून घेणार आहेत. दुसऱ्या कोटेशनवाल्याला ही सगळी यादी वाचून दाखवली तर तो आधी गप्प झाला, मग म्हणाला दीडच्या वर जाईल. पिलर जोडणारी बीम आणि नाली त्याने धरलीच नव्हती. म्हणजे पहिला आकडा अर्ध्या कामाचा होता.

एकच अडतंय. आई-बाबा दोघंही बाहेर असताना लाईट गेली, बॅटरीही उतरली, तर आत कसं जायचं? मोटर मोकळी करायची चावी मोटरपाशी, मोटर गेटाच्या आत.

---

मिरजेचा_फॅब्रिकेटर

दिंडी दरवाजा करा ना. पण त्याच स्लायडिंग गेटात कापून नको, गेट कमकुवत होतं आणि उंबरठा अडकतो. उजवीकडे तुमच्याकडे ७ फूट भिंत आहे, त्यात ३ फुटी स्वतंत्र छोटं गेट, साधं कुलूप. रोजची ये-जा त्यातूनच होईल. पेपरवाला, पोस्टमन, शेजारीण, सगळे. मोठं गेट फक्त गाडीला. मोटरचं आयुष्य त्यानेच वाढतं.

---

शामरावनगर_सांगली

छोट्या गेटालाही आतच उघडायला लावा. तिथेही चढ आहे का ते नळीने बघून घ्या.

---

उतारावरची_लेक

बाबांनी आत्ताच बघितलं. तीन फुटांवर चार इंच. वर एक पायरी काढून तेवढा तुकडा सपाट करून घेणार म्हणतात.

---

वायरमन_कराडचा

मग बेलचा पाईप मोठ्या गेटाकडे नको, या छोट्या गेटाच्या पिलरपर्यंत घ्या. काँक्रीट ओतायच्या आधी सांगितलं म्हणून बरं. मोठ्या गेटाखालच्या बीममधूनही एक इंची पाईप आडवा टाकून ठेवा. समोरच्या फोटोसेलची वायर पलीकडे जायला दुसरी वाट नाही.